रात्रीची कोकण गाडी, सहा वर्षांचा मुलगा आणि चौदा महिन्यांची मुलगी

प्रश्न थोडक्यात असा: मे अखेरीस मुंबईहून कुडाळला जायचं आहे, शाळा सुरू होण्याच्या सुमारास परत यायचं आहे. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी चौदा महिन्यांची, नुकतीच चालायला लागलेली. दिवसाची गाडी घ्यावी की रात्रीची, तिकिटं किती काढावीत, खाणं-सामान काय न्यावं, मुलं कंटाळली तर काय करावं?

शेवटच्या प्रश्नाची काळजी सगळ्यात कमी करा. लोक खेळणी आणि खाऊ जमवण्यात आठवडा घालवतात, आणि तिकीट मात्र मिळेल ते काढतात. प्रवास बिघडतो तो बहुतेक वेळा तीन ठिकाणी: बुकिंग करताना, गाडीत चढताना आणि उतरताना. मधले आठ-नऊ तास मुलं कशीही काढतात.

आधी गाडी. कुडाळसाठी तुमच्यापुढे मुख्य पर्याय असे: सकाळी सातच्या सुमारास सुटणारी मांडवी, पहाटेची जनशताब्दी, रात्री अकराच्या सुमारास सुटणारी कोकणकन्या आणि दादरहून मध्यरात्री बारा वाजून गेल्यावर सुटणारी तुतारी. वेगाकडे बघू नका, मुलीच्या झोपेकडे बघा. बारा ते चोवीस महिने हे रेल्वेसाठी सगळ्यात अवघड वय. त्याआधी बाळ मांडीवर राहतं, नंतर चार गोष्टी समजावता येतात. या मधल्या वयात मूल जागं असेल तर त्याला चालायचंच असतं, आणि डब्यातली चालायची एकमेव जागा म्हणजे चहाची किटली घेऊन फेरीवाले फिरतात ती अरुंद वाट. त्यामुळे तुमच्या दोघा मुलांसाठी रात्रीची गाडी. फक्त सहा वर्षांचा मुलगा असता तर डोळे झाकून मांडवी सांगितली असती.

जनशताब्दी लवकर पोचते, पण ती बसायची गाडी आहे. तिच्या विस्टाडोम डब्याच्या मोठ्या काचा मुलाला आवडतील. मुलगी मात्र पूर्ण वेळ तुमच्या मांडीवर असेल. शिवाय पहाटेची गाडी म्हणजे मुलांना तीनला उठवणं. अर्धवट झोपेतली दोन मुलं आणि चार बॅगा घेऊन निघायचं असेल तर प्रवासाची सुरुवातच रडारडीने होते.

तुतारीचा एक सापळा आहे. ती रात्री बारानंतर सुटते, म्हणून २६ तारखेचं तिकीट म्हणजे २५ तारखेच्या रात्री घरातून निघायचं. दर उन्हाळ्यात काही कुटुंबं एक दिवस उशिरा फलाटावर येतात.

तिकिटांचे नियम: पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण त्याला स्वतंत्र जागाही मिळत नाही. पाच पूर्ण ते बारा पूर्ण होईपर्यंत दोन पर्याय असतात. बर्थ हवा असेल तर मोठ्यांइतकं पूर्ण भाडं (हा नियम २१ एप्रिल २०१६ पासून आहे), बर्थ नको असेल तर अर्धं. बसायच्या वर्गांत, म्हणजे चेअर कार आणि सेकंड सीटिंगमध्ये, अर्ध्या भाड्याचा पर्याय नाही. मुलीचं नाव ऑनलाइन बुकिंग करताना ‘बर्थ नको’ असलेल्या लहान मुलांच्या रकान्यात टाका. मोठ्या प्रवाशांच्या यादीत टाकून बर्थ मागितलात तर पूर्ण भाडं पडेल. दोघांच्याही वयाचा पुरावा मोबाइलमध्ये असू द्या.

मुलासाठी अर्धं तिकीट काढून पैसे वाचवावेत का? दिवसाच्या प्रवासात हो. रात्री नाही. बर्थची रुंदी साधारण दोन फूट. आई आणि चौदा महिन्यांचं बाळ त्यावर कसंबसं मावतं. बाबा आणि सहा वर्षांचा मुलगा मावत नाहीत. मग बाबा रात्रभर बसून काढतात आणि सकाळी, सगळ्यात जास्त हातांची गरज असते तेव्हा, त्यांचेच डोळे मिटत असतात. तीन पूर्ण तिकिटं काढा, थर्ड एसीची.

स्लीपर का नको? पैशांची अडचण असेल तर स्लीपरही चालतो, पण मेमध्ये उकाडा आणि कोकण मार्गावरचे बोगदे लक्षात घ्या. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरच्या या मार्गावर नव्वदहून जास्त बोगदे आहेत. उघड्या खिडकीतून बोगद्यात येणारा आवाज इतका मोठा असतो की झोपलेलं बाळ दचकून उठतं, आणि असं रात्रीतून अनेकदा होतं. एसीच्या बंद काचेत तो बराच कमी होतो. स्लीपरने गेलात तर रोहा येण्याआधी काचेचं शटर खाली ओढा. आणि स्लीपरमधली आपत्कालीन खिडकी ओळखून ठेवा: तिचे गज पक्के नसतात, ते सरकवून उघडता येतात. त्या खिडकीशी लहान मूल बसवायचंच नाही. तो बर्थ मिळाला तर मोठ्या माणसाने तिथे बसावं.

आता बर्थ. आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० दिवस नाही. म्हणजे मेअखेरीचं तिकीट मार्चअखेरीस, सकाळी आठ वाजता. कोकणात सुट्टीत जाणाऱ्यांची गर्दी सांगायला नको, त्यामुळे ‘नंतर बघू’ चालत नाही. बुकिंग करताना ‘किमान एक लोअर बर्थ मिळाला तरच तिकीट काढा’ असा पर्याय निवडता येतो. तो निवडा. लोअर बर्थशिवाय चौदा महिन्यांचं मूल नेणं म्हणजे अनोळखी माणसाच्या चांगुलपणावर रात्र सोडणं. बहुतेक लोक बर्थ बदलून देतात, पण ज्येष्ठ नागरिक किंवा गुडघ्याचा त्रास असलेली व्यक्ती असेल तर त्यांनी तरी का द्यावा?

बर्थचा आकडा वाचायला शिका. थर्ड एसी आणि स्लीपरमध्ये आठ-आठ बर्थचा एक कप्पा असतो. पहिल्या कप्प्यात १ आणि ४ लोअर, २ आणि ५ मिडल, ३ आणि ६ अपर, ७ साइड लोअर, ८ साइड अपर. पुढे हाच क्रम चालतो. म्हणजे आकड्याला आठने भागून बाकी १ किंवा ४ उरली तर लोअर. डब्याच्या दोन्ही टोकांचे कप्पे शक्यतो टाळा, कारण दाराची धडधड, संडासाचा वास आणि रात्रभर जळणारा दिवा. मधल्या कप्प्यातून संडासापर्यंत चालायला अर्धं मिनिट लागतं, तेवढं मुलाला धरून नेता येतं. साइड लोअर दिवसा मजेचा, रात्री बाळासाठी वाईट: येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पिशव्या अंगाला लागतात आणि लवंडलेलं बाळ थेट वाटेत पडतं. आरएसी म्हणजे तोच साइड लोअर दोघांत वाटून. बाळासह आरएसीवर जायचं असेल तर दुसरी अर्धी जागाही घरच्याच माणसाची आहे ना, हे आधी बघा.

लखनौ मेलच्या एका डब्यात २०२२ मध्ये लोअर बर्थला जोडलेला घडीचा छोटा बेबी बर्थ चाचणीसाठी बसवला होता. त्याच्या बातम्या अजून फिरतात, म्हणून लोक विचारतात. तुमच्या गाडीत तो असेल असं धरून चालू नका.

झोपवण्याची पद्धत अशी. बाळ पाठीच्या भिंतीकडे, आई मोकळ्या कडेला, बाळाचं डोकं खिडकीकडे, वाटेकडे नाही. एसीत उशी, दोन चादरी आणि ब्लँकेट मिळतं. चादरी प्रत्येक प्रवासाला धुतलेल्या असतात, ब्लँकेट नाही. म्हणून बाळाला घरची मऊ गोधडी, आणि रेल्वेचं ब्लँकेट चादरीत गुंडाळून फक्त मोठ्यांना. पहाटे डबा चांगलाच गार होतो. बाळाला पायमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पण तोंडाजवळ जड पांघरूण नको. मुलाला मिडल बर्थ द्यायचा की खाली घ्यायचा? सहा वर्षांचं मूल झोपेत लोळत असेल तर खाली. मिडलवर झोपवलंत तर साखळ्या अडकल्या आहेत का, हे हाताने ओढून बघा. नुसती नजर टाकून भागत नाही. अपर बर्थ मुलाला हवाच असतो. दिवसा चढू द्या, रात्री नाही. मिडल बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघडण्याचा नियम आहे, तेव्हा सहानंतर समोरच्याने बसायची जागा मागितली तर त्याचं बरोबर आहे.

साडीची झोळी बांधण्याची जुनी पद्धत आहे. दिवसा, समोर मोठं माणूस बसलेलं असताना ती उपयोगी पडते. रात्री बांधू नका: ब्रेक लागला की झोळी शिडीवर आपटते आणि वाटेतून जाणाऱ्याला अंधारात दिसत नाही.

चढण्याची जागा हा दुसरा निर्णय. ठाणे जवळ असलं तरी, घर फार लांब नसेल तर गाडी जिथून सुटते तिथे चढा. तिथे ती आधीपासून उभी असते, डब्यातले दिवे लागलेले असतात, संडास स्वच्छ असतो, टाकी भरलेली असते. मधल्या स्थानकावर दोन-तीन मिनिटांत तुम्ही, दोन मुलं, बॅगा आणि उतरणारी गर्दी. ठाण्याला किंवा पनवेललाच चढायचं असेल तर तिकिटावरचं चढण्याचं स्थानक आधी बदलून घ्या. नाहीतर तुम्ही आलाच नाहीत असं समजून बर्थ दुसऱ्याला दिला जाऊ शकतो.

चढण्याचा क्रम घरी ठरवा. एक मोठं माणूस रिकाम्या हाताने आधी चढतं. मग मुलगा. मग बाळ हातात दिलं जातं, मग बॅगा, शेवटी दुसरं मोठं माणूस. हमाल असला तरी क्रम हाच. ‘आधी सामान टाकू’ ही नेहमीची चूक, कारण गाडी हलली तर सामान आत आणि मूल फलाटावर अशी वेळ येते. तसं झालंच तर साखळी ओढा. विनाकारण ओढली तर रेल्वे कायद्याच्या कलम १४१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पण मूल फलाटावर राहणं हे विनाकारण नाही. धावत्या गाडीतून उडी मात्र कोणीही मारायची नाही.

मुलाच्या खिशात एक चिठ्ठी ठेवा: आई-बाबांचे मोबाइल नंबर, डबा आणि बर्थ क्रमांक. त्याला एकच गोष्ट शिकवा, हरवलास तर जिथे आहेस तिथेच थांब आणि खाकी गणवेशातल्या माणसाला चिठ्ठी दाखव. रेल्वेचा मदत क्रमांक १३९, मुलांसाठीचा १०९८. दोन्ही मोबाइलमध्ये आधीच साठवा.

डब्यातल्या धोक्यांत पहिला नंबर गरम चहाचा. खिडकीशी असलेल्या छोट्या फळीवर चहा ठेवला की चौदा महिन्यांच्या मुलीचा हात बरोबर तिथेच पोचतो. मुलगी मांडीवर असताना चहा घ्यायचाच नाही. दोघांनी पाळीपाळीने प्या. दुसरा धोका दारांचा. एसी डब्याचं आतलं दार आपोआप बंद होतं आणि बिजागरीकडच्या किंवा सरकत्या फटीत बोटं सापडतात. दोन डब्यांमधल्या जोडावरच्या लोखंडी पट्ट्या सतत सरकत असतात. मुलाला खानपान डबा बघायला न्यायचंच असेल तर तिथून उचलून न्या. चार्जिंगची जागाही नेमकी बाळाच्या उंचीवर असते. रात्री अकरा ते पहाटे पाच तिथला वीजपुरवठा बंद ठेवायची सूचना आहे, तेव्हा फोन झोपण्याआधी भरून घ्या.

खाणं. रात्रीच्या गाडीला जेवण घरी, निघण्याआधी दोन तास. गाडीत फक्त बाळाचं दूध आणि सकाळची न्याहारी. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे हे मेच्या उकाड्यातही सकाळपर्यंत टिकतं. मऊ भात, खिचडी, दहीभात टिकत नाही. शिजवून चार तास झालेला भात बाळाला देऊ नका, वास आला नाही तरी. त्याऐवजी भाजलेल्या पोह्यांची पूड किंवा नाचणीचं सत्त्व शिजवून-वाळवून केलेलं, जे गरम पाण्यात कालवलं की झालं. गरम पाणी घरून अर्धा लिटरच्या स्टीलच्या थर्मासमध्ये उकळतं भरून न्या. खानपान सेवेचं ‘गरम पाणी’ चहापुरतं गरम असतं, उकळलेलं असेलच असं नाही. इलेक्ट्रिक किटली डब्यात लावायला बंदी आहे आणि ते योग्यच आहे. ते पॉइंट मोबाइल-लॅपटॉपच्या जोराचे असतात. दुधासाठी २०० मिलीचे न उघडलेले टेट्रापॅक सोपे. उघडल्यावर दोन तासांत संपवा, उरलं तर टाका.

फुटाणे, शेंगदाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं हे प्रवासाचं खाणं लहान मुलीला नाही. हलत्या गाडीत घास श्वासनलिकेत जाण्याची भीती वाढते. भाऊ खात असेल तर बर्थवर सांडलेले दाणेही उचला, कारण मुलीला ते तुमच्याआधी सापडतात.

मळमळ दोन वर्षांखाली फारशी दिसत नाही, मुलाच्या वयात दिसते. त्याला गाडीच्या दिशेला तोंड करून खिडकीत बसवा, लांबवर बघायला सांगा, मोबाइल काढून घ्या. आलेपाकाची वडी चालेल. औषध द्यायचं असेल तर वजन सांगून डॉक्टरांकडून मात्रा लिहून घ्या. तापाच्या औषधाचंही तेच: पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप यांची तीव्रता वेगवेगळी असते. अंधारात घाईने एकाची मात्रा दुसऱ्याला लागू केली जाते, म्हणून बाटलीवरच चिकटपट्टी लावून ‘इतके मिली’ असं लिहून ठेवा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरचं, छोटं २०० मिलीचं. पाकिटावर वाचूनच मिसळा. अर्ध्या ग्लासात मोठं पाकीट ओतणं धोक्याचं आहे.

डायपर: दर तीन तासांना एक, वर तीन. वापरलेला डायपर गुंडाळून पिशवीत बांधा आणि दाराजवळच्या कचरापेटीत टाका. संडासात कधीही नाही. आता सगळीकडे बायो-टॉयलेट आहेत, एक डायपर अडकला की तो संडास पुढच्या प्रवासभर बंद. बदलायची जागा लोअर बर्थ, खाली प्लास्टिकचं दुपटं. मुलाला गाडी सुटल्यावर लगेच एकदा संडासला न्या, स्वच्छ असतानाच. तिथला आवाज आणि हलणं एकदा अनुभवलं की रात्री तो घाबरत नाही. पायात चप्पल हवीच, मोज्यांनी नाही.

खेळणी चारच. गोल आणि चाकांचं काहीही नको, ते बर्थखाली जातं आणि मग तुम्ही बॅगांमागे पालथे. स्टिकर, त्रिकोणी खडू, कोरा कागद, एक कापडी पुस्तक. मुलासाठी सगळ्यात चांगलं खेळणं म्हणजे स्थानकांची यादी. उजाडल्यावर येणारी नावं तुम्हीच हाताने लिहून द्या. रत्नागिरी उजाडताना किंवा त्याच्या थोडं आधी येते. पुढे निवसर, आडवली, विलवडे, राजापूर रोड, वैभववाडी रोड, नांदगाव रोड, कणकवली, सिंधुदुर्ग, कुडाळ. गाडी सगळीकडे थांबत नाही, पण पाट्या वाचता येतात. रत्नागिरीच्या अलीकडे उक्षी आणि भोके यांच्यामध्ये करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा. मुलगा तेव्हा झोपलेला नसेल तर त्याला सेकंद मोजायला लावा, पाच-सहा मिनिटं सहज जातात. रत्नागिरीनंतर पानवल नदीवरचा पूल, ६४ मीटर उंच. एक गोष्ट आधीच सांगून टाका: कोकण रेल्वेतून समुद्र जवळजवळ दिसत नाही. ‘समुद्र कधी येणार’ हा प्रश्न नाहीतर कुडाळपर्यंत चालतो.

मार्ग बराचसा एकेरी आहे. समोरच्या गाडीला वाट द्यायला तुमची गाडी आडवळणाच्या स्थानकात वीस मिनिटंही थांबते. अशा थांब्यावर मुलाला पाय मोकळे करायला खाली उतरवू नका. निघताना गाडी फारशी सूचना देत नाही.

कुडाळचा थांबा छोटा आहे. कणकवली सुटली की आवरायला घ्या: डायपर बदला, बूट घाला, बॅगा बर्थखालून काढा, मुलाचं एक बोट बाबांच्या हातात. कणकवली ते कुडाळ साधारण अर्धा तास. उतरतानाही क्रम तोच: आधी एक मोठं माणूस, मग मुलगा, मग बाळ, मग सामान, शेवटी दुसरं मोठं माणूस. फलाट काही ठिकाणी बुटका असतो, पायरी आणि फलाट यांत उंच फरक असतो, तेव्हा मुलाला उडी मारू न देता काखेत धरून उतरवा. बाबागाडी आणू नका. फलाटावरून बाहेर पडायला जिना चढावा लागला तर ती ओझं होते. बाळ बांधायची कापडी झोळी किंवा कॅरियर बरा, दोन्ही हात मोकळे राहतात.

परतीचं तिकीट काढताना पावसाळी वेळापत्रक बघा. ते पूर्वी १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं. २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. त्या काळात दरडींच्या भीतीने गाड्या हळू चालवतात, आणि कुडाळहून सुटण्याच्या वेळा तासभर किंवा जास्त बदलतात. तुम्ही मेमध्ये आलात त्या वेळेवर विसंबून स्थानकावर गेलात तर गाडी गेलेली असेल. वेळ तिकिटावरची बघा, आणि निघण्याआधी १३९ वर किंवा रेल्वेच्या अॅपवर गाडी कुठे आहे हे तपासा. शाळेच्या आदल्या दिवशीचं तिकीट काढू नका, दोन दिवस आधीचं काढा. आणि परतताना ठाण्याला पहाटे झोपेतली मुलं उतरवण्यापेक्षा शेवटच्या स्थानकापर्यंत जा. तिथे गाडी थांबूनच राहते, सगळे उतरल्यावर तुम्ही सावकाश उतरलात तरी चालतं.